चिखलाच्या धरणाची ओटी

राजारामपुरीत मैथिलीची ओळख एकच: धरणं बांधणारी बाई. त्यात खोटं काही नाही, पण ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे लगेच राधानगरी उभी राहते. उघडलेले दरवाजे, फेसाळतं पाणी, कणसं भाजणारे गाडे. मग मैथिलीला सांगावं लागतं, की खाणीतला दगड दळून-धुऊन माल काढला की मागे जो गाळ उरतो, तो अडवायची धरणं ती बांधते. समोरचा हिरमुसतो. "म्हंजे चिखलाचं व्हय? मग बघायला काय यायचं!"

या धरणाची तऱ्हा पाण्याच्या धरणाच्या अगदी उलटी. पाणी भिंतीला टेकताच कामा नये. भिंतीलगत सुकत आलेला गाळ, पाणी पार मागे, आणि तेही पंपानं सारखं उपसायचं. मातीची भिंत आतून भिजली की बसलीच म्हणून समजा. सध्या मैथिली ज्या खाणीचं धरण सांभाळत होती, त्या डोंगरातल्या धरणाखाली तर भातशेती, एक वाडी, आणि त्या वाडीत मैथिलीच्या सासूबाईंचं, म्हणजे आक्कांचं माहेर.

आता आपल्याकडे धरण भरलं की ओटी भरतात; खण, नारळ, साडी पाण्यात सोडतात. खाणीचे मॅनेजर बाळासो यांना हौस दांडगी. मालकीणबाई लीलाताईंच्या हस्ते त्यांनी ओटी ठरवली. पण पाणी तर लांब! नारळ चिखलात रुतला तर फोटो काय डोंबलाचा येणार? मग या शहाण्यानं काय करावं? पंपच बंद करून टाकले. पाणी चढत चढत थेट भिंतीला लागलं.

कार्यक्रमाच्या सकाळी मैथिली पोचली आणि भिंतीच्या पायथ्याशी ओल बघून ती तडक बाळासोंकडे धावली.

"बाळासो, आत्ताच्या आत्ता पंप सुरू करा!"

"मॅडम, ओटी झाली की करतो की. मांडव घातलाय, पावणं वाटंत हायत. घटकाभरानं काय हुतंय?"

तिनं समजावलं, आवाज चढवला. बाळासो चहा मागवत राहिले. लीलाताईंना फोन लावावा, तर डोंगरात रेंज नाही. आणि त्या आल्या की बाळासो तिला त्यांच्या आसपास फिरकू देणार नाहीत, हेही दिसत होतं.

मग मैथिलीच्या डोक्यात किडा वळवळला. माहेरी आलेल्या आक्का नटूनथटून मांडवात बसल्या होत्या. आक्का शाहूपुरीत बोलल्या तर राजारामपुरीत ऐकू जावं असा आवाज. मैथिली त्यांच्या कानाशी लागली. "आक्का, हे काही नदीचं पाणी नाही हं. खाणीतला दगड धुतलेलं पाणी. आपल्या मोरीसारखंच." एवढं बोलून बाईसाहेब साळसूदपणे बाजूला उभ्या.

लीलाताई गाडीतून उतरल्या, ओटीचं ताट हातात घेतलं, आणि आक्का उठल्या.

"ओ बाई, थांबा! मोरीची ओटी भरताय व्हय?"

साऱ्या माना वळल्या, पण आक्का थांबल्या नाहीत.

"इचारा की ह्या बाळासोला! घाण पाणी हाय त्ये. त्यात साडी-नारळ सोडायचा? आयुष्यात असलं बघितलं न्हाय बाई!"

लीलाताईंनी ताट तिथंच ठेवलं. "बाळासो, हे पाणी इथवर आलंच कसं?"

बाळासोंनी पुन्हा चहा मागवला. मैथिली याच प्रश्नाची वाट बघत होती. तिनं लीलाताईंना हाताला धरून पायथ्याशी नेलं, ओल दाखवली. लीलाताईंचा चेहरा उतरला. पंप धडधडू लागले, वाडीतली माणसं वरच्या शाळेत नेली, आणि पाणी भिंतीपासून मागे हटेपर्यंत मैथिली काही जागची हलली नाही.

परतताना गाडीत तिला राहवेना. "आक्का, मी तुम्हाला मुद्दाम चिथवलं. भिंत भिजली होती."

"ठाव हाय की. सकाळपास्नं तोंड पांढरंफटक पडलंय तुझं. मोरीच्या पाण्याला तू एवढी भिणार व्हय? खाली माझा भाऊ राहतोय. म्हणून तर घसा ताणला."

आक्कांनी पिशवीतून खण, नारळ आणि साडी काढली. "ओढणी पसर."

"आक्का, ही तर कंपनीची साडी!"

"गप बस. माझं माहेर राखलंस. तुझी न्हाय तर कुणाची ओटी भरू?"

मैथिलीचे डोळे भरून आले. तिनं ओढणी पसरली.

"आन् बाळासोला सांगू नगंस," आक्का म्हणाल्या.