आव्यापाशी काढलेले दिवस

कर्जत स्टेशनला जायची बैलगाडी दारात उभी राहिली, तेव्हा आई उंबऱ्याच्या आतच थांबली. माझ्या नवऱ्याला मुंबईत गिरणीत काम लागलं होतं. माझं लग्न नवं. आबा, माझे वडील, चाकावरून तसेच उठून आले. कोपरापर्यंत चिखल. म्हणाले, "पोरी, तिकडं समदं इकत घे, पर मडकं घेऊ नको. सांगावा धाड, मी आनून दीन."

कडावच्या माणसांनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो, हे तुमच्यासाठी सांगते आहे.

कडावात कुंभाराचं घर आमचं एकच. परसात चाक, आणि गावाबाहेर माळावर मडकी भाजायचा आवा. चाक आबांनी फिरवायचं, ओली मडकी आम्ही बायकांनी थापटायची. मुंबईत चाळीच्या खोलीत माझे हात रिकामे राहिले. नळ, घासलेट, गिरणीचा भोंगा, सगळ्याची सवय झाली. माठ मात्र दर उन्हाळ्याला आबाच आणून द्यायचे.

मग मुंबईत गाठीचा ताप, प्लेग, आला. चाळ ओस पडत गेली. सकाळी कामाला गेलेला नवरा दुपारी काखेत गाठ घेऊन परतला, तो पुन्हा उठलाच नाही. उरलेल्या शेजाऱ्यांनी त्याचं उरकलं आणि मी गाडीत बसले. कर्जतला डॉक्टरने तपासलं, छावणीत ठेवलं, मग सोडलं. चालत कडाव गाठलं.

वेशीवर माझा भाऊ धोंडू काठी आडवी धरून उभा होता.

"आक्के, म्होरं येऊ नको."

"अरं, मी हाय रं. भागी."

"वळखलं. मुंबयचं मानूस गावात घ्यायचं नाय, असं ठरलंय. आमी काय करनार?"

तो रडत होता, पण काठी काही खाली आली नाही.

मला आव्याजवळच्या लाकडांच्या खोपीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी आबांनी चाकच तिथे आणून मांडलं, हाकेच्या अंतरावर. भाकरी दगडावर ठेवून मागे सरायचे आणि कामाला बसायचे. मी बघत राहायचे. माठ नाही, रांजण नाही. चाकावरून उतरत होती ती तिरडीपुढे धरायची लहान मडकी.

"आबा, आये का येत नाय?"

त्यांनी चाकावरचा हात काढून घेतला.

"वरच्या आळीला मुंबयचा पावना आला. त्याच्यामागं घरंच्या घरं गेली. तुजी आये बी. तिचं मडकं मीच घडवलं गं."

मी उठून धावले. आबांनी मातीचे हात वर केले. "तितंच थांब!"

मी थांबले. बापलेक एकमेकांना हात न लावता समोरासमोर रडलो.

पुढे मला ताप नाही असं पाहून गावाने आत घेतलं. पण मी पाणवठ्यावर गेले, की बायका भरलेल्या घागरी ओतून टाकायच्या. आबांनी ते पाहिलं. एके सकाळी म्हणाले, "जा पोरी मुंबयला. हितं तुला कोन जगू देनार नाय." स्टेशनापर्यंत आले. गाडी आली तेव्हा त्यांनी मला पोटाशी धरलं. ते शेवटचं.

मी गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात लागले. आबा गेल्याचं भातकापणी उलटल्यावर कळलं. धोंडू आता सणाला बोलावतो. मी जाते, जेवते, त्याच्या पोरांना खाऊ देते आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरते. तिथे रात्र काढत नाही. ही चाळीतली खोली अंधारी आहे, भिंतीला ओल आहे. पण इथलं दार मीच लावते आणि मीच उघडते. मला आता घर म्हणजे एवढंच.