रिकामा डबा
खसखस भाजल्याचा वास आला की मला रायपूरच्या आमच्या चौबे कॉलोनीतल्या ओट्यावरचे स्टीलचे डबे आठवतात. बाबांची उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यातली नोकरी सुटली आणि आईनं सांबारवड्या विकायचं ठरवलं. आमच्याकडे सांबार म्हणतात ती कोथिंबीर, खोबरं, खसखस भरलेल्या त्या गरम वड्या घरच्याच डब्यांतून शेजारीपाजारी जायच्या. पण भांडं रिकामं परत करायची आमच्यात रीत नाही. कोणाकडून डब्यातून करंज्या यायच्या, कोणाकडून लोणचं. पैशाचा विषय कोणी काढत नसे, आणि आईच्याही तोंडून तो निघत नसे. "धंदा करून राहिली मी, वाण नाही वाटून राहिली," असं ती घरात तेवढी चिडायची. मग नव्या रायपुरातून एका अनोळखी बाईंचा फोन आला. मी स्कूटीवरून डबा नेला. त्यांनी वड्या ताटात काढून घेतल्या, पैसे दिले आणि डबा तसाच माझ्या हातात ठेवला. घरी आल्याबरोबर आईनं झाकण उघडलं. आत तेलाचे डाग होते, बाकी काही नाही. "मम्मी, बुरा मत मानना," मी म्हटलं. "काहून मानू? पहिलं गिऱ्हाईक भेटलं मले," ती म्हणाली, आणि तो डबा घासूनपुसून तिनं देवापुढे ठेवला, रिकामाच. आता तिच्या वड्या कागदी खोक्यांतून रायपूरभर जातात, परत काही येत नाही. मी मात्र माहेरचा डबा परत नेताना अजूनही त्यात चिमूटभर साखर टाकते. आई झाकण उघडून बघते आणि म्हणते, "तू काही माहं गिऱ्हाईक होत नाही, पोरी."