डाव्या सीटखालचं पाणी

नागपुरात गाडी कोणीही घेतं. सावली मिळवावी लागते. बेसा भागात आमच्या इमारतीच्या आवारात एकच कडुनिंब आहे आणि त्याच्याखालची जागा मी तीन वर्षं कोणाला मिळू दिली नाही. मे महिन्यात शेजारी तापलेल्या स्टिअरिंगला फडकं गुंडाळून गाडी काढायचे, तेव्हा मी त्यांच्यासमोरून मुद्दाम हळू जायचो.

यंदा जुलैत बाजूला बसलेली बायको म्हणाली, "अहो, माझे पाय ओले होऊन राहिले."

"तुझ्या छत्रीचं पाणी आहे वं ते," मी रस्त्यावरची नजर न हटवता निकाल दिला.

पुढे मी तिच्या चपलांना दोष दिला, मग पाण्याच्या बाटलीला. गाडीत कुबट वास सुटला तेव्हा मी तिनं बाजारातून आणलेल्या मेथीवरही संशय घेतला. तिनं वाद घातला नाही. एक दिवस मागचं दार उघडून ती मागे बसली आणि मागेच बसू लागली. शेजारची सीट रिकामी, तिची बडबड बंद. मला अजिबात करमेना, पण माफी मागायची तर आधी चूक माझी हवी ना!

मग जिन्यात माझा पाय मुरगळला. दवाखान्यात न्यायला तिनं किल्ली घेतली. लायसन्स तिच्याकडेही होतं, गाडी मात्र मी कधी हातात दिली नव्हती. त्यामुळे डाव्या सीटवर मी त्या दिवशी पहिल्यांदाच बसलो. बाहेर पाऊस होता. चौकात तिनं वळण घेतलं आणि डॅशबोर्डखालून गार पाण्याची धार थेट माझ्या सुजलेल्या पायावर आली. मी पाय आखडला.

"काहून, छत्री आणली का तुम्ही?" तिनं रस्त्यावरची नजर न हटवता विचारलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मेकॅनिकनं समोरच्या काचेखालची जाळी काढली. आतून कडुनिंबाचा काळा, कुजलेला पाला ओंजळीनं निघाला. पाणी बाहेर जायची भोकं त्या पाल्यानं बुजली होती, म्हणून ते आत उतरत होतं.

"साहेब, झाडाखाली ठेवता का जी गाडी? इथं तं खत बनून राहिलं," तो म्हणाला.

पाय बरा झाल्यावर मी गाडीपाशी उभं राहून बायकोला सांगितलं, "माझंच चुकलं. आता पुढे बस वं."

ती लगेच पुढे बसली, उजवीकडचं दार उघडून, आणि किल्लीसाठी हात पुढे केला. मी किल्ली दिली आणि मुकाट्यानं वळसा घालून डावीकडे गेलो.