पिवळं उसवून निळं

माझा हा गाढवपणा शेजारणीच्या तोंडून मीठमसाला लावून तुमच्यापर्यंत यायच्या आधी मीच सांगून टाकते. चहा घ्या, बसा.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मुलचेऱ्याकडच्या गावात रेवा नावाची पोरगी आली. डिझाईन शिकणारी. कोरोनाच्या बंदीत माणसाला घरात कुठे बसून काय वाटलं, त्याचा म्हणे तिला नकाशा करायचा होता. प्रत्येकीला तिने एक कापड दिलं, त्यावर जिच्या-तिच्या घराची आखणी. जिथे बरं वाटलं तिथे पिवळा टाका घालायचा, जिथे कोणाची याद आली तिथे निळा.

आता तुमच्यापासून काय लपवू? निळ्या टाक्याची जागा मला डोळे मिटूनही दाखवता आली असती. परसातला मोह. फोनची रेंज तेवढ्या झाडाखालीच येते. माझी एकुलती लेक शोभा ऊर्जानगरच्या क्वार्टरात, मी इथे, रस्ते बंद. तिने फोन ठेवला तरी मी तो कानाला लावून तिथेच उभी राहायची. शेजारीण म्हणायची, म्हातारी बोलते तरी किती!

पण ही कापडं समाजमंदिरात टांगणार होते. भर सभेत सरपंचाला गप्प बसवणारी मी, माझं रडं भिंतीवर? छट! सगळं घर पिवळं करून टाकलं. गोधड्या शिवून हात बसलेला. मोह तर असा भरला, जशी त्याला हळदच लागली. वर रेवाला हुकूम सोडला, याचा फोटो माझ्या लेकीला पाठव.

लगेच शोभाचा फोन. "आई, मी उगाच तुही चिंता करून राह्यली होती. तू तं मजेत आहेस! मंग या संक्रांतीले आम्ही नाई येत. पोरं कुठी तरी फिराले चाला म्हणतात."

घ्या! स्वतःच्या सुईने स्वतःचा सण शिवून बंद केला.

तडक रेवाकडे गेले, कापड परत मागितलं. ती म्हणाली, आजी, जे वाटलं ते तुम्ही शिवलंय ना? मी म्हटलं, तेव्हा चुकीचं वाटलं होतं. पिवळा धागा सारा उसवला आणि निळा ओवला. मोह झाला, ओसरी झाली, चूल, गोठा. हात थांबतोय कशाला!

रेवा चाचरत म्हणाली, "आजी, संडासातही आठवण यायची?"

"काऊन? तिथी मनाई आहे का?"

हाही फोटो गेला. दुसऱ्या दिवशी शोभा दारात. हातात पिशवी, पिशवीत बीपीचं मशीन, डोळे सुजलेले.

"आई, येवढी याद येत होती तं सांगितलं काऊन नाई?"

एवढं सोपं विचारलं होतं हो. उत्तर जिभेवर आलंही होतं. आणि तोंडातून काय निघावं?

"घर टाकून काऊन धावत आलीस? मले काय धाड भरली? पिवळा धागा सरला होता, म्हून निळा घातला."

ती म्हणाली, बरी आहेस ना, मग दुपारच्या गाडीने जाते.

'राहा' म्हणायला जीभ वळेना. ती पाय धुवायला मागे गेली तशी मी तिची एक चप्पल उचलली आणि दडवली. शोधण्यात गाडी गेली. दुसऱ्या दिवशीचीही गेली. आम्ही एका गोधडीत झोपलो. ती बोलत होती, मी नुसतं हं हं करत होते. इतकी गाढ झोप मला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

शेवटी ती माझी चप्पल घालून निघाली. गाडीत चढताना म्हणाली, "चप्पल सापडली का फोन कर, आई. घ्याले येतो."

तेव्हापासून शोधते आहे. धानाची कोठी उपसली, सरपणाचा ढीग हलवला, कोंबड्यांचा खुराडा उलटा केला. पण दडवणारी मी पडले हुशार. अजून सापडलेली नाही.