दादाला न आवडलेले स्क्रू

एका माणसाला किती स्क्रू नापसंत करता येतील याला काही मर्यादा असेल, असं मी समजत होतो. माझ्या थोरल्या भावानं तो समज पार धुऊन काढला.

गोष्ट एका गिटारची आहे. गिटार म्हटल्यावर गळ्यात अडकवायची डोळ्यापुढे येते, ती ही नव्हे. ही चार पायांवर आडवी उभी असते. वाजवणारा तिच्यापुढे स्टुलावर बसतो, डाव्या हातातली गुळगुळीत लोखंडी कांडी तारांवरून सरकवतो, उजव्या हातानं तारा छेडतो. खाली पायानं दाबायचे पेडल असतात. पेडल दाबला की सळईनं एखादी तार ताणली जाते आणि वाजत असलेला सूर हळूच वर चढतो. पडदे नाहीत, खुणा नावापुरत्या. सूर कुठे आहे ते कानानं ठरवायचं.

दादानं अकोल्याच्या ऑर्केस्ट्रात तीस वर्षं मांडीवरची हवाईयन गिटार वाजवली. गणपती, शारदोत्सव, लग्नं, कॉलेजची गॅदरिंग. अकोट, अंजनगाव, कुठूनही बोलावणं यायचं. मग कीबोर्ड आला, त्याच्या एकेका बटणात गिटार, बासरी, सनई सगळंच होतं. ऑर्केस्ट्रा हळूहळू बंद पडला. दादानं गिटारची पेटी दिवाणाखाली सरकवली आणि आठ वर्षं काढली नाही. गाणं ऐकणंही सोडलं. वहिनी फोनवर मला म्हणाली, "भाऊजी, मानूस घरात आहे का नाई तेच समजत नाई. दिवसभर टीव्ही पायते, अन् त्याचाबी आवाज बंद करून."

अशातच एकदा मी गेलो असताना दादानं मोबाइलवर ही पेडलवाली गिटार दाखवली. परदेशातला कोणी म्हातारा वाजवत होता. दादाचा पाय जमिनीवर त्याच्याबरोबर दाबला जात होता. "असली एखांदी भेटली," तो म्हणाला, "तर पुन्हा बसीन मी."

अमरावतीला एमआयडीसीत माझं लेथचं वर्कशॉप आहे. कापसाच्या जिनिंगचे शाफ्ट, वरुडकडच्या संत्रा प्रतवारी यंत्रांचे रोलर, असली कामं. मी म्हटलं, मी बनवतो. तू बसायचं कबूल कर. दादानं हो म्हणून मान हलवली. त्या एका मान हलवण्यावर मी पुढचं सव्वा वर्ष घातलं.

आतलं यंत्र दिवाळीत सुरू केलं आणि होळीच्या आत झालं. खरी अवघड गोष्ट तीच होती. तार ताणायची, सोडायची, आणि सोडल्यावर ती नेमकी जागेवर परत आली पाहिजे. मला सुरातलं फारसं कळत नाही, पण मोबाइलवरचा सूर दाखवणारा काटा कळतो. काटा जागेवर येत होता. राहिलं होतं ते फक्त बाहेरून दिसणारं सामान: दोन्ही टोकांच्या धातूच्या पट्ट्या, चार पाय, पेडल, तारांच्या खुंट्या आणि स्क्रू. आठ दिवसांचं काम. मी मोठ्या मनानं म्हटलं, "दादा, जे डोळ्याले दिसते ते तुया पसंतीनं करू."

तिथेच माझं डोकं फिरलं होतं.

आधी क्रोम केलं. लख्ख, तोंड दिसेल असं. टोकाची पट्टी आणि एक पाय जुन्या टॉवेलात गुंडाळून एसटीनं अकोल्याला नेला. मूर्तिजापूरपर्यंत कंडक्टर त्या गुंडाळीकडे संशयानं बघत होता. दादानं पट्टी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली.

"नळ वाटते बे. बाथरूमचा."

ठीक. माणसाला एक नापसंती माफ असते. मी पाय काळे केले, पेडलही काळे केले. भट्टीतला रंग, खरवडला तरी निघणार नाही असा. दादा म्हणाला, "शिलाई मशीन झाली ना ही. तुई वहिनी इथं ब्लाउज शिवाले बसन." वहिनी स्वयंपाकघरातून हसली. मीही हसलो. तेव्हा हसू येत होतं.

मग पितळ. सगळं पिवळंधमक. "वरातीतला ब्यांडवाला वाटीन मी." ऑर्केस्ट्रावाल्यांना बँडवाल्यांशी तुलना केलेली खपत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होतं, तरी मी पितळ नेलं. म्हणजे चूक माझीच. मग निकल, पण चमक मारलेलं, धुरकट. हे बरं, म्हणाला. मी सुटलो असं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सअॅपवर माझ्याच फोटोवर लाल गोल काढून आला. खुंट्यांची टोकं पांढरी होती, ती दातासारखी दिसतात म्हणे. काळी लावली. ती किडक्या दातासारखी दिसली. मी फोन न बोलता ठेवून दिला. असं मी दादाशी आयुष्यात प्रथमच केलं.

अमरावतीतला माझा पॉलिशवाला चांगला माणूस, पण त्यालाही अंत होता. चौथ्यांदा तेच पाय घेऊन गेलो तर त्यानं ते हातात घ्यायच्या आधी विचारलं, "भाऊ, तुमचे दादा पोरगी पसंत करून राहिले का? काहून एवढे नखरे?" निकल उतरवायचं, घासायचं, पुन्हा चढवायचं. प्रत्येक वेळी घासताना कडा थोडी गोल होते. मी जी कड हातानं धारदार काढली होती, ती पाचव्या खेपेला साबणाच्या वडीसारखी झाली. ती पट्टी मी फेकून दिली आणि नवी केली. वर्कशॉपची कामं मागे पडत होती, लोक फोन करत होते, आणि मी एका पट्टीची कड काढत बसलो होतो.

आणि मग स्क्रू.

टोकांच्या पट्ट्यांवर आणि खाली पेडलच्या दांड्यावर मिळून बावीस स्क्रू बाहेरून दिसतात. दादानं आधी ते गोल डोक्याचे नको म्हटले, मग चपट्या डोक्याचे घेतले तर फुलीच्या खाचेचे नको, एका सरळ खाचेचे पाहिजेत. ते मिळाले. लावले. फोटो पाठवला. तासाभरानं त्याचा आवाज आला मोबाइलवर, अगदी शांत, समजावणीचा: "हे पाह्य, सगळ्याइच्या खाचा आडव्या पायजेत. तिसरा उभा आहे अन् नववा तिरपा. डोळ्याले खुपते."

ज्यानं आयुष्यात एकदा तरी स्क्रू पिळला आहे त्याला माहीत आहे, तो जिथे आवळतो तिथेच आवळतो. खाच आडवी येईपर्यंत आणखी पिळला तर आटा जातो, मागे फिरवला तर ढिला राहतो. प्रत्येक स्क्रूखाली वॉशर घालून तो केसभर कमी करत करत खाच आडवी आणावी लागते. मी आणली. बावीसच्या बावीस. तीन रविवार गेले. त्या तीन रविवारी मी दादाला मनातल्या मनात जे काही बोललो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. आपण हे कोणासाठी करतो आहोत, असं मी मोठ्यानं विचारायचो, आणि वर्कशॉपमध्ये उत्तर द्यायला लेथशिवाय कोणी नसायचं. दर महिन्याला वहिनीचा फोन यायचा. टीव्ही अजून आवाजाशिवायच चालू होता.

शेवटी पेडलांवर येऊन गाडी अडली. बाकी धुरकट निकल, पण पेडल मात्र पितळेचे, आणि नवे दिसता कामा नयेत. "जुने दिसले पायजेत, वापरातले. काळपट." मी औषधात बुडवून पितळ काळवंडवलं, वर मुद्दामच काही लेप दिला नाही, कारण लेपाची चमकही त्याला नको होती. फोटो गेला. दोन दिवस उत्तर नाही. तिसऱ्या दिवशी एकच अंगठा आला.

तो अंगठा बघून मी त्याच दुपारी वर्कशॉप बंद केलं. मग गिटार छोट्या टेम्पोत घातली आणि स्वतः बरोबर बसून अकोल्याला नेली. दादाला विचार बदलायला वेळ द्यायचा नव्हता.

घरात शिरलो तर वहिनीनं पाट मांडून ठेवलेला. नवी वस्तू घरात आली की आमच्याकडे पूजा होते, आणि वस्तूला चाकं किंवा पायानं दाबायचं काही असलं की ती गाडीसारखी होते. स्कूटर आणली तेव्हा झाली, चाकांवरची पिठाची गिरणी आणली तेव्हा झाली. वहिनीनं निकलच्या पट्टीवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार खुंट्यांना अडकवला, नारळ दारात फोडला. मी जीव मुठीत धरून बघत होतो. मग तिनं ओट्यावरून चार कागदी लिंबं आणली आणि पेडलांखाली एकेक ठेवलं.

"वहिनी, हे कायले?"

"चाकाखाली नाई ठेवत का? दाबा आता," ती दादाला म्हणाली.

दादा स्टुलावर बसला. सव्वा वर्षात पहिल्यांदा. त्यानं चारही पेडल एकामागून एक दाबले, लिंबं फुटली, रस सगळीकडे गेला. तारेला त्यानं हात लावला नाही. लगेच उठला. "चाला, जेवून घेऊ."

जेवण झालं, सुपारी झाली. परत येऊन बघतो तर पेडलांवर जिथे जिथे रस लागला होता तिथे काळपटपणा उडून लख्ख पिवळे डाग पडलेले. देवाची भांडी लिंबानं घासली की निघतात तसेच. मी दहा दिवस खपून चढवलेलं म्हातारपण अर्ध्या तासात उतरलं होतं. वहिनी आनंदानं म्हणाली, "पाहा भाऊजी, कसे उजळले!"

मी दादाकडे पाहिलं. तो चिडेल असं मला वाटलं, आणि चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्याचा चेहरा एकदम मोकळा झाला होता. शाळेला सुट्टी मिळावी तसा.

"ने बा परत," तो म्हणाला. "पुन्हा काळे करून आण. घाई नाई. मंग बसतो."

माझ्या डोक्यात काहीतरी फुटलं. मी ओरडलो. वडिलांच्या जागी असलेल्या भावावर, त्याच्याच घरात. म्हटलं, नाही नेत. एक स्क्रू नाही नेत. आता तू बसतो का मी हे सगळं उचलून भंगारात टाकू? सव्वा वर्ष मले एसटीत नाचवलं, बावीस खाचा आडव्या करून घेतल्या, अन् तारेले बोट नाई लावलं तू! वहिनी दारात आली. शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

दादा मग स्टुलावर बसला. खिशातून कांडी काढली, जुनी, त्याच्या स्वतःच्या गिटारची. म्हणजे दिवाणाखालची पेटी त्यानं उघडली होती. त्यानं डावा हात तारांवर ठेवला आणि चार सूर वाजवले. चौथ्यावर पेडल दाबला. मलाही कळलं. तिसरा आणि चौथा जागेपेक्षा खाली राहिले होते, आणि कांडी घसरून तारेवर खर्र वाजली.

त्यानं कांडी मांडीवर ठेवली.

"आयकलं?" तो म्हणाला. "याच्यासाठी स्क्रू बदलून घेत होतो मी."

मी म्हटलं, "तुले समजलं न खाली राहिला ते? म्हंजे कान शाबूत आहे."

"कान शाबूत आहे," दादा म्हणाला, "म्हणून तं लाज वाटते."

 सव्वा वर्ष मी त्याच्याशी फक्त चमकेबद्दल बोललो होतो. नळ, मशीन, बँड, दात. त्यानं दर वेळी नाही म्हटलं, आणि मी दर वेळी पॉलिशवाल्याकडे धावलो. एकदाही त्याला विचारलं नाही की दादा, तुला भीती वाटते का. विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं असंही नाही. पण मी विचारलं नाही, आणि त्याचा राग मला अजून येतो, निम्मा त्याच्यावर आणि निम्मा माझ्यावर.

"आता जाय तू," तो म्हणाला. आवाज कडक नव्हता. "तू असताना माया हात नाई चालणार. हिलेबी ने चौकापर्यंत."

वहिनीनं पदर खोचला आणि माझ्याबरोबर बाहेर पडली. आम्ही फाटकाची कडी लावली आणि शेजाऱ्याच्या भिंतीशी उभे राहिलो, चोरासारखे, एकमेकांकडे न बघता. बराच वेळ काही नाही. मी मनात म्हटलं, झालं, टीव्ही लावला त्यानं.

मग तेच चार सूर आले. खालीच होते. थांबले, आणि पुन्हा पहिल्यापासून आले.