प्राचार्यांचं प्रेशर

मी एंजिनिअर आणि डॉक्टर दोन्ही होणार, हे माझ्या बाबांनी गल्फमधल्या रुवैसच्या रिफायनरीत, कँटीनमध्ये बसून, मला न विचारता ठरवलं. मला थेट डॉक्टर व्हायचं होतं. "आधी बायोमेडिकल एंजिनिअरिंग, मग मेडिकल. एक फसलं तर दुसरं हाताशी," बाबा म्हणाले. (रिफायनरीत म्हणे प्रत्येक पंपाला जोडीचा पंप असतो.)

कॉलेजही त्याच हिशोबाने निवडलं गेलं. एक चांगलं नावाजलेलं कॉलेज बाद झालं, कारण त्यांचं मेडिकल कॉलेज दुसऱ्या गावात होतं. पसंत पडलं ते महाराष्ट्रातलं एक, जिथे दोन्ही कॉलेजं समोरासमोर होती.

तिथल्या एंजिनिअरिंगचे प्राचार्य गल्फमधल्या मुलांच्या मुलाखती घ्यायला दुबईत आले. भारतातून आलेल्या माणसाला सुट्टीच्या शुक्रवारी जेवायला न बोलावणं दुबईतल्या आमच्या करामा वस्तीत पाप समजलं जायचं. त्यामुळे माझी मुलाखत आमच्याच घरी, सुरमईच्या कालवणानंतर ठरली.

बाबांना माझे दोन्ही गुण एकदम दाखवायचे होते. त्यांनी शेजारच्या सावंतकाकांचं बिघडलेलं बीपीचं यंत्र आणलं. मी ते दुरुस्त करायचं आणि त्यानेच सरांचं बीपी घ्यायचं! मी ते उघडलं आणि तबकडीवरचा काटा हातात आला. बाबांची उभी हयात प्रेशरच्या गेजमध्ये गेलेली.

"बसवताना जरा पुढे बसव," ते म्हणाले. "धोका व्हायच्या आधी कळलं पाहिजे."

"बाबा, इट्स अ ह्यूमन बीइंग, नॉट अ पाइपलाइन."

"प्रेशर ते प्रेशर."

मला पटलं. डॉक्टर व्हायला निघालेल्या मुलीला हे पटलं, याची आजही लाज वाटते.

सर पोटभर जेवले. मी त्यांच्या दंडाला पट्टा बांधला, हवा भरली आणि जाहीर केलं, "वन नाइंटी."

"मला तर काहीच होत नाहीये," सर म्हणाले.

"असंच असतं, सर. फुटेपर्यंत पाइपलाही काही होत नसतं," बाबा म्हणाले आणि उठले. त्यांनी आईला गॅस बंद करायला लावला, मेन स्विच पाडला, सावंतकाकांना हाक मारली. "यल्ला, सगळे खाली!"

आणीबाणीत लिफ्ट वापरायची नाही, हा बाबांचा नियम. पेशंटने चालायचं नाही, हा माझा. तेव्हा आईच्या ओढणीने सरांना जेवणाच्या खुर्चीला बांधलं आणि बाबा नि काका त्यांना जिन्याने उतरवू लागले. प्रत्येक वळणावर मी पुन्हा बीपी घेत होते आणि ते वाढतच होतं.

"अहो, मला चालता येतं," सर ओरडले.

"बोलू नका सर, बोलण्याने वाढतं," मी त्यांना धीर दिला.

खालच्या क्लिनिकमधल्या डॉक्टरांनी आपल्या यंत्राने सरांना तपासलं. "थोडा ज्यादा है. कुर्सी से खोल दो, ठीक हो जाएगा." मग त्यांनी टेबलावर पडलेलं आमचं यंत्र जवळ ओढून निरखून पाहिलं. "आपकी मशीन के हिसाब से इस टेबल का बीपी साठ है."

मला रडू फुटलं. एंजिनिअरिंग खलास, मेडिकल खलास, आणि काटा पुढे बसवायला सांगणारे बाबा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत उभे.

ओढणीतून सुटलेल्या सरांनी शर्ट सारखा केला. "यंत्र कोणी दुरुस्त केलं?"

"मी."

"आणि निदान?"

"तेही मीच."

"हिला पाठवा," सर बाबांना म्हणाले. "शिक्षणाची इतकी गरज असलेली विद्यार्थिनी मी आजवर पाहिली नाही."

अशी मला सीट मिळाली. चार वर्षांनी एंजिनिअरिंगचा शेवटचा निकाल लागला. डॉक्टर व्हायचं माझ्या मनातून गेलं नव्हतं, पण ते बीपीचं यंत्रही गेलं नव्हतं. सर नको म्हणाले असते तर मी खरंच गेले नसते. त्यांच्या केबिनमध्ये जाऊन विचारलं, "सर, मी मेडिकलला जाऊ का?"

"जरूर जा," सर तत्परतेने म्हणाले. "यंत्रांना बिचाऱ्यांना पाय नसतात. पेशंट निदान पळून तरी जाऊ शकतो."