शनिवारचे फोटो

शहाडच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं टाइम ऑफिसात होतो. कोण उशिरा आला, कुणी दुसऱ्याचं कार्ड पंच केलं, हे शोधणं माझं काम. निवृत्त झालो तरी नजर तीच राहिली, आणि ती मी माझ्या मुलीवर लावली.

ती सहा महिन्यांसाठी केनियातल्या एका खेड्यात शाळेतल्या मुलांना शिकवायला गेली होती, स्वयंसेवक म्हणून. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिचे फोटो यायचे. तिच्यासारखीच निरनिराळ्या देशांतून आलेली दहा-बारा स्वयंसेवक पोरं. कधी हिने शिकवलेली लगोरी खेळतायत, कधी एकमेकांच्या तोंडाला पीठ फासून हसतायत. फळा नाही, खडू नाही. आणि प्रत्येक फोटोत तिच्या मागे तोच उंच, दाढीवाला मुलगा.

"ही शिकवते कधी?" मी बायकोला विचारलं.

"अहो, पोरगी हसतेय ना? मग बघा की नुसतं."

नुसतं बघणं मला जमेना. डोंबिवलीच्या घरात खिडकीशी बसून मी एकेक फोटो बोटांनी मोठा करायचो. दाढीवाल्याचा हात कुठे आहे? आठवडाभर मेसेजला उत्तर नाही आणि मग एकदम वीस फोटो, हे कसं? बायको म्हणायची, तिकडे फोन जमा करून घेतात. मला वाटायचं, मायलेकींनी मिळून रचलंय.

तिसऱ्या महिन्यात मी मुलीला कळवलं, आईची तब्येत बिघडली आहे, ताबडतोब निघ. बायकोला यातलं काही सांगितलं नाही.

मुलगी आली तेव्हा दार बायकोनेच उघडलं, कणकेच्या हातांनी.

"आई? तू तर चांगली आहेस!"

बायको काही बोलायच्या आत मी म्हणालो, "तुझे फोटो आणि तुझ्या मागचा तो दाढीवाला बघून हिनेच धोशा लावला होता, पोरीला बोलवा म्हणून. मी तरी काय करणार?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली.

जेवताना मुलगी तिलाच म्हणाली, "शनिवारी संध्याकाळी दोन तास फोन मिळायचे. तेव्हाच सगळी धमाल, तेव्हाच फोटो. मी बुटकी म्हणून पुढे, तो उंच म्हणून मागे. तुला सगळं माहीत होतं, आई. तरी असं केलंस? माझा वर्ग अर्धा सोडून आले मी."

मी हळूच फोन उघडला. सगळे फोटो शनिवारचे होते. हजेरी तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने वार बघितला नव्हता. तरीही मी तोंड उघडलं नाही.

याला चार वर्षं झाली. मुलगी आता माजिवड्याला राहते. रोज मला फोन करते, गोळ्या घेतल्या का विचारते. आईशी मात्र कामापुरतं बोलते.

इथवर लिहिलेलं काल बायकोला वाचून दाखवलं. मी विचारलं, "तेव्हा गप्प का बसलीस?"

"तुमच्याशी बोलणं तोडलं असतं तिने. मला वाटलं, माझ्यावरचा राग जाईल चार दिवसांत." मग चष्मा पुसत म्हणाली, "मला काय वाचून दाखवताय? तिला द्या."

आज माजिवड्याला जाऊन कागद मुलीच्या हातात दिले. तिने ते उभ्यानेच वाचले. मला बस म्हणाली नाही. फोन घेऊन आतल्या खोलीत गेली आणि दार लावलं. "आई," एवढं ऐकू आलं. पुढचं ऐकायला मी दाराजवळ गेलो नाही.